न्यूबरीला राहायला येताना: काय आधी, काय नंतर

लंडनहून पश्चिमेला साठेक मैलांवर, वेस्ट बार्कशरमध्ये न्यूबरी हे बाजारपेठेचं गाव आहे. केनेट नदी आणि तिच्या जोडीने जाणारा केनेट अँड एव्हन कालवा भर पेठेतून जातो. दर गुरुवारी आणि शनिवारी मार्केट प्लेसमध्ये बाजार भरतो. गावाचा मध्य एवढा आटोपशीर आहे की स्टेशन, बाजार, वाचनालय आणि बाग ही सगळी ठिकाणं पायी उरकतात. मराठी मंडळी इथे येतात ती बहुतेक व्होडाफोनच्या निमित्ताने. १९८५ च्या जानेवारीत विनोदी नट एर्नी वाइज यांनी लंडनच्या सेंट कॅथरीन डॉक्सवरून जाहीर मोबाइल कॉल लावला, तो न्यूबरीतल्या व्होडाफोनच्या कचेरीत. ती कचेरी तेव्हा एका करी हाउसच्या वर होती. आज त्याच कंपनीचं बरंच काम पुण्यातून चालतं आणि पुणे-न्यूबरी ये-जा नवलाची राहिलेली नाही.

नव्याने येणाऱ्यांपैकी बरेच जण या गावाकडे लंडनचा लांबचा थांबा म्हणून बघतात. सोमवार ते शुक्रवार काम, शनिवार-रविवार लंडन. माझं आग्रहाचं सांगणं वेगळं आहे. घर पायी फिरता येईल अशा जागी घ्या, सरकारी कामं योग्य क्रमाने लावा आणि पहिले तीन महिने सुट्टीचे दिवस या गावाला आणि आसपासच्या माळांना द्या. लंडन कुठे जात नाही.

निघण्यापूर्वी

प्लास्टिकचं रहिवास कार्ड आता मिळत नाही, सगळं ई-व्हिसावर चालतं. भारतात असतानाच यूकेव्हीआयचं, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याच्या संकेतस्थळावरचं, खातं उघडा, त्यात लॉगिन होतंय ना ते पाहा आणि खात्याला सध्याचा पासपोर्ट जोडलेला आहे याची खात्री करा. याच खात्यातून ‘शेअर कोड’ निघतो. घरमालकाचा एजंट आणि नोकरीची कंपनी हाच कोड मागतात आणि तो ९० दिवस चालतो. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत राहतील.

बॅग भरताना एक नियम पक्का लक्षात ठेवा: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला परवानगी नाही. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा हे सगळं घरीच राहू द्या. तूप इथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतं. लोण्याचे गोळे घेऊन घरी कढवलंत तर अधिकच चांगलं होतं. जागा करायची असेल तर ती गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि आमसुलं यांच्यासाठी करा. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आणा, कारण नव्या फ्लॅटमध्ये गॅसची शेगडी क्वचितच सापडते आणि साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरला इंडक्शन दाद देत नाही. जोडीला दोन जास्तीच्या रिंगा आणि एक शिट्टी ठेवा.

दातांची कामं मात्र तिकडूनच उरकून या. एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्या दवाखान्यात नवीन प्रौढ पेशंटला दातांसाठी जागा मिळणं फार अवघड आहे आणि खासगी दंतवैद्याचं बिल पगाराला भारी पडतं. मुलांच्या लसीकरणाची नोंदवही हातातल्या बॅगेत ठेवा. दवाखान्यात ती पहिल्याच भेटीत विचारतात.

घर कुठे घ्यायचं

इथे घाई करू नका. पहिले काही आठवडे तात्पुरत्या जागेत काढून मग घर नक्की केलेलं बरं, कारण फोटोत सगळीच घरं उजेडाची दिसतात.

गाडी नसेल तर स्टेशन आणि कालवा यांच्या आसपासचा भाग माझ्या मते पहिला. तिथून बाजार, वाचनालय, बसस्थानक आणि व्हिक्टोरिया पार्क सगळं पायाखालचं. रेसकोर्सच्या कडेला अलीकडच्या काळात बरेच नवे फ्लॅट उभे राहिलेत आणि त्यांना स्वतःचं न्यूबरी रेसकोर्स नावाचं छोटं स्टेशनही आहे. शर्यतींच्या दिवशी तिथे रस्ते आणि गाड्या भरून वाहतात, हे धरून चाला. उत्तरेला शॉ आणि डॉनिंग्टन व्होडाफोनच्या आवाराला जवळ. दक्षिणेला चढावर वॉश कॉमन. शांत, कुटुंबांचा भाग, पण सामान घेऊन परत येताना चढण लागते. २० सप्टेंबर १६४३ ला राजा आणि पार्लमेंट यांच्या फौजांमधली न्यूबरीची पहिली लढाई याच माळावर झाली आणि तिथल्या काही रस्त्यांना त्या लढाईतल्या माणसांची नावं आहेत.

पूर्वेला तीन मैलांवर थॅचम. भाडं साधारणपणे थोडं कमी आणि घरं जरा ऐसपैस. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. पहिली, थॅचम स्टेशनलगतचं रेल्वे फाटक. लंडन-पश्चिम मुख्य मार्ग असल्यामुळे ते दिवसातून बराच वेळ बंद राहतं. घर फाटकाच्या एका बाजूला आणि शाळा किंवा ऑफिस दुसऱ्या बाजूला असेल तर रोजचा ताप होतो. सकाळी आठच्या सुमारास एकदा स्वतः तिथे उभं राहून पाहा. दुसरी गोष्ट, पूर. २० जुलै २००७ च्या पावसात थॅचममधल्या शेकडो घरांत पाणी शिरलं होतं आणि ते नदीचं नव्हतं, डोंगरउतारावरून रस्त्यांनी वाहत आलेलं होतं. त्यानंतर गावाच्या वरच्या अंगाला पाणी अडवण्याचे बांध घातले गेले. तरीही कुठलंही घर पक्कं करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर त्या पत्त्याचा पुराचा धोका तपासा. ती माहिती फुकट मिळते.

घर बघायला गेल्यावर भिंतींच्या रंगापेक्षा ओल शोधा. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर त्याच्या मागचा कोपरा, बाथरूमच्या छताची कड, खिडकीच्या चौकटीचा खालचा भाग या तीन ठिकाणी काळे ठिपके दिसले तर हिवाळ्यात ते दुपटीने वाढणार. मग स्वयंपाकघरात शेगडीवरचा हुड चालू करा आणि त्याची नळी भिंतीतून बाहेर जाते का ते विचारा. आत नुसती कोळशाची जाळी असेल तर हवा गाळून परत घरातच सोडली जाते. अशा घरात मोहरी-हिंगाची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतोच आणि वास पडद्यांतून आठवडाभर जात नाही. ऊर्जेचं प्रमाणपत्रही बघा. ए चांगलं, जी वाईट. खालच्या श्रेणीतलं आणि विजेच्या हीटरवरचं घर स्वस्त भाड्यात मिळालं तरी जानेवारीच्या बिलात ते पैसे निघून जातात.

पैशांचे नियम भाडेकरूच्या बाजूने आहेत, ते माहीत असू द्या. घर रोखून ठेवायला एजंट एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. अनामत रक्कम बहुतेक घरांसाठी जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं भाडं, आणि ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. १ मे २०२६ पासूनच्या नव्या भाडेकरू कायद्याने आणखी मोठा बदल आणला: एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही आणि भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं. पूर्वी इथे पत-इतिहास नसलेल्या नवख्यांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं एकदम घेतलं जायचं. आता त्याऐवजी जामीनदार किंवा कंपनीचं पत्र मागतील, म्हणून पगार लिहिलेलं नेमणूक पत्र तयार ठेवा.

किल्ली हातात पडली की सामान लावण्याआधी गॅस, वीज आणि पाणी यांच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढा. मग प्रत्येक खोलीचे, गालिच्यावरच्या डागांसकट. घर सोडताना अनामतीचा वाद झाला तर हेच फोटो कामी येतात.

पत्ता मिळाल्यावरचा क्रम

इथे एक कागद दुसरा कागद मागतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. पत्ता झाला की त्याच आठवड्यात बँक खातं. मोबाइलवरच्या बँका पासपोर्ट आणि ई-व्हिसावर खातं लवकर उघडून देतात. पगार तिथे सुरू करा आणि जुन्या नावाजलेल्या बँकेचं खातं नंतर निवांत काढा. नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याचा तुमचा क्रमांक, याचा अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं, त्यामुळे कोणी ‘लवकर काढून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

मग कौन्सिल टॅक्स. वेस्ट बार्कशर कौन्सिलकडे नाव तुम्हीच नोंदवायचं असतं, घरमालक ते करत नाही. कर घराच्या १९९१ च्या किमतीवर ठरलेल्या पट्ट्यांप्रमाणे लागतो आणि साधारणपणे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत भरतात. घरात एकच प्रौढ राहत असेल तर २५ टक्के सूट आहे, पण ती मागावी लागते. एकटे पुढे आलात आणि कुटुंब नंतर येणार असेल तर मधल्या काळासाठी ही सूट जरूर घ्या आणि कुटुंब आलं की लगेच कळवा. कचऱ्याचं वेळापत्रकही कौन्सिलच्याच संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून मिळतं. उरलेल्या अन्नाचा डबा वेगळा असतो. चहाचा चोथा, भाज्यांची देठं, शिळी पोळी सगळं त्यात जातं.

जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला आजारी पडायची वाट पाहू नका. तुमचं घर कुठल्या दवाखान्याच्या हद्दीत येतं ते बघा आणि अर्ज भरा. आरोग्य अधिभार व्हिसाबरोबरच भरलेला असतो, त्यामुळे तपासणीचे पैसे लागत नाहीत. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र इंग्लंडमध्ये दर औषधाला ९.९० पौंड पडतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना माफी आहे. गोळ्या कायमच्या असतील तर वर्षाचं आगाऊ प्रमाणपत्र घ्या, फार स्वस्त पडतं. घसा, कान, सायनस अशा सात तक्रारींवर २०२४ पासून औषध दुकानातला फार्मासिस्टच औषध देऊ शकतो, तिथे आधी जा.

आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा: न्यूबरी आणि थॅचमच्या मध्ये वेस्ट बार्कशर कम्युनिटी हॉस्पिटल आहे, तिथे किरकोळ दुखापतींवर उपचार होतात, पण मोठा आपत्कालीन विभाग तिथे नाही. हात मुरगळला, कापलं, तर तिथे जायचं. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, मूल बेशुद्ध पडलंय, तर सरळ ९९९. आपत्कालीन विभाग रेडिंगच्या रॉयल बार्कशर हॉस्पिटलमध्ये, किंवा बेझिंगस्टोक आणि स्विंडनला. काय करावं कळत नसेल तर १११ ला फोन करा. आई-वडील भेटीला येणार असतील तर हे चार पर्याय मराठीत लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

पाणी, स्वयंपाक आणि बाजार

न्यूबरीच्या खाली खडूचा खडक आहे आणि पाणी त्यातून येतं, त्यामुळे ते चांगलंच जड असतं. नवी किटली काही दिवसांतच आतून पांढरी होते आणि चहावर पातळ, चमकती साय धरते. ती दुधाची नसते, पाण्यातल्या क्षारांची असते. पिण्याला हे पाणी उत्तम, प्रकृतीला काही अपाय नाही. पण तूरडाळ आणि राजमा त्यात हट्टाने शिजत नाहीत. डाळ तासभर भिजवा, कडधान्य रात्रभर, आणि भिजवलेलं पाणी फेकून फिल्टर जगमधलं पाणी घ्या. एवढ्याने दोन शिट्ट्या वाचतात. किटलीत महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं उकळून तासभर ठेवा, थर सुटून येतो. शॉवरच्या जाळीलाही तोच उपाय.

सुपरमार्केट सगळीच आहेत आणि मोठ्या टेस्कोत आटा, डाळी, मसाले यांची स्वतंत्र रांग असते. रविवारी मात्र मोठी दुकानं कायद्यानेच फक्त सहा तास उघडी असतात, बहुधा दहा ते चार. त्यामुळे आठवड्याचा बाजार रविवार संध्याकाळवर टाकू नका. मेथी, शेपू, ओलं खोबरं, जाडे पोहे, ज्वारीचं पीठ यांसाठी रेडिंगची भारतीय दुकानं. महिन्यातून एक फेरी पुरते. तिथे व्हिटली स्ट्रीटवर हिंदू मंदिरही आहे, त्यामुळे दोन्ही कामं एकाच फेरीत होतात.

पण ताज्या भाजीसाठी गुरुवारच्या नाहीतर शनिवारच्या बाजारात जा, हे मी मनापासून सांगते. इथला बाजार शतकानुशतकांचा आहे. गावाला १५९६ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीची सनद मिळाली, पण त्याआधीपासून इथे लोकरीच्या कापडाचा मोठा व्यापार होता. जॉन विंचकम, ज्याला लोक ‘जॅक ऑफ न्यूबरी’ म्हणत, तो याच धंद्यावर गबर झाला. द व्हार्फजवळ १६२७ चा क्लॉथ हॉल आहे, त्यात आता वेस्ट बार्कशर म्युझियम आहे. बाजाराच्या दिवशीच ते पाहून घ्या. न्यूबरी कोटाची गोष्ट तिथे विचाराच. २५ जून १८११ ला सर जॉन थ्रॉकमॉर्टन यांनी हजार गिनींची पैज घेतली की सूर्योदयाला मेंढीच्या अंगावर असलेल्या लोकरीचा कोट सूर्यास्तापर्यंत माणसाच्या अंगावर चढेल. जॉन कॉक्सिटरच्या ग्रीनम गिरणीत पहाटे पाचला मेंढ्या भादरल्या, सूत काढलं, विणलं, रंगवलं, शिवलं, आणि संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी कोट तयार झाला.

बाजारात सकाळी गेलात तर निवड चांगली मिळते, दुपार कलल्यावर भाव उतरतात. मालाला स्वतः हात न लावता विक्रेत्याला सांगायचं, अशी पद्धत काही ठिकाणी असते. आधी ‘मॉर्निंग’ म्हणा, मग विचारा. घासाघीस चालत नाही. त्याच विक्रेत्याकडे दर आठवड्याला गेलात की तो ओळख देतो, हवापाण्यावर दोन वाक्यं बोलतो. गावात ओळखी वाढण्याची सुरुवात तिथूनच होते, ऑफिसच्या कँटीनमधून नाही.

मुलांची शाळा

सरकारी शाळा मोफत आणि चांगल्या आहेत. भारतात मूल कितवीत होतं ते इथे बघत नाहीत. ३१ ऑगस्टला वय किती, त्यावरून इयत्ता ठरते. तोवर चार पूर्ण झालेलं मूल त्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जातं. वर्षाच्या मध्ये आलात तर अर्ज कौन्सिलकडे करायचा आणि जागा असेल तिथे प्रवेश मिळतो. म्हणूनच घराचा करार करण्याआधी कौन्सिलला फोन करून त्या इयत्तेत जवळच्या कुठल्या शाळेत जागा आहे ते विचारा. सप्टेंबरच्या नियमित प्रवेशासाठी प्राथमिकची शेवटची तारीख १५ जानेवारी, माध्यमिकची आदल्या वर्षीची ३१ ऑक्टोबर. माध्यमिकमध्ये सेंट बार्थोलोम्यूज ही १४६६ साली स्थापन झालेली शाळा सगळ्यांना हवी असते, आणि तिच्या हद्दीतली घरं त्यामुळेच महाग. ट्रिनिटी आणि पार्क हाउसही नीट जाऊन पाहा. केवळ नावासाठी जास्त भाडं भरण्याचं कारण नाही.

जाणं-येणं

न्यूबरीहून लंडनच्या पॅडिंग्टनला थेट गाड्या आहेत. जलद गाडी तासाच्या आत पोचवते, थांबत जाणाऱ्या गाडीने किंवा रेडिंगला बदलून अधिक वेळ लागतो. तिकीट सकाळच्या गर्दीच्या वेळी फार महाग, नंतर बरंच उतरतं. रेलकार्ड काढलंत तर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. दोघं मिळून कुठेही जात असाल तर दोघांचं एकत्र कार्ड पहिल्या काही फेऱ्यांतच वसूल होतं. हीथ्रोला जायचं तर आधी लंडन गाठू नका. रेडिंगला उतरा, स्टेशनबाहेरून रेलएअर बस थेट विमानतळावर जाते. थॅचममार्गे रेडिंगला जाणारी बसही आहे, वेळ जास्त लागतो पण रेल्वे बंद असली की तीच आधार.

गाडी घ्यायची असेल तर भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतो आणि तो बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा आणि चाचणी दोन्ही द्याव्या लागतात. चाचणीच्या तारखा महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ परवान्याचा अर्ज पहिल्या दोन-तीन महिन्यांतच करा. गावात शिकताना रॉबिन हूडच्या मोठ्या गोल चौकाचा सराव भरपूर करा. ए३४ महामार्गाची वाहतूक एके काळी गावातूनच जायची आणि रांगा मैलभर लागायच्या. त्यावर उपाय म्हणून काढलेला नऊ मैलांचा बायपास १९९८ मध्ये खुला झाला, पण त्याआधी १९९६ मध्ये झाडं वाचवायला शेकडो आंदोलक झाडांवर आणि बोगद्यांत राहिले होते. गावातली जुनी माणसं अजून या विषयावर दोन्ही बाजूंनी बोलतात. विचाराल तर ऐकायला वेळ काढून विचारा.

शनिवार-रविवार: गावाबाहेर

सुरुवात ग्रीनम कॉमनपासून करा, गावापासून दोनेक मैल. इथे अमेरिकन हवाई तळ होता. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये इथे अण्वस्त्रं वाहून नेणारी क्रूझ क्षेपणास्त्रं येऊ लागली. त्याआधीच, १९८१ च्या सप्टेंबरात, वेल्सहून चालत आलेल्या स्त्रियांनी निषेध म्हणून फाटकाबाहेर मुक्काम ठोकला होता. १२ डिसेंबर १९८२ ला सुमारे ३०,००० स्त्रियांनी हात धरून तळाला वेढा घातला. शेवटची क्षेपणास्त्रं १९९१ मध्ये गेली, पण स्त्रियांचा तळ २००० पर्यंत राहिला. त्याच वर्षी हा माळ लोकांना खुला झाला. धावपट्टी उखडून तिचं काँक्रीट बायपासच्या कामाला वापरलं. आज तिथे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, चरणाऱ्या गाई आणि घोडे आहेत, आणि गवत चढलेल्या क्षेपणास्त्रांच्या कोठ्या कुंपणापलीकडे तशाच उभ्या आहेत. माझ्या मते या सगळ्या परिसरात याहून पाहण्यासारखी जागा नाही.

जाताना पायात बूट आणि लांब पँट हवी. गवतात गोचीड असते आणि तिच्या चाव्याने लाइम रोग होऊ शकतो. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे आणि कानांमागे बघा. ॲडर हा विषारी साप उन्हाला येऊन बसतो, तो त्रास दिल्याशिवाय चावत नाही. मार्चपासून जुलैपर्यंत जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, तेव्हा पायवाट सोडू नका. शनिवारी सकाळी नऊला इथेच न्यूबरी पार्करन होते: पाच किलोमीटर, फुकट, चाललं तरी चालतं. नाव एकदाच ऑनलाइन नोंदवायचं. नव्या गावात एकटेपणा वाटत असेल तर तिथे दोनदा-तीनदा जाऊन बघा.

कालव्याच्या काठाने थॅचम स्टेशनपर्यंत तास-सव्वातासात चालत जाता येतं, परत यायला गाडी. डॉनिंग्टन किल्ल्याचा चौदाव्या शतकातला देवडीचा दरवाजा तेवढा उरला आहे, प्रवेश मोफत आणि वरून सगळं गाव दिसतं. दक्षिणेला हायक्लेअर कॅसल. तिथल्या पाचव्या अर्ल ऑफ कार्नार्व्हन यांच्या पैशावर हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर शोधली, तळघरात त्याचं प्रदर्शन आहे. तिकीट आधी काढावं लागतं. बेसिल्डन पार्क जरा लांब, पँगबोर्नकडे. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत माया जमवून आलेल्या फ्रान्सिस साइक्स यांनी अठराव्या शतकात बांधलेला हा वाडा पाहताना आपला इतिहास इंग्लंडच्या खेड्यापर्यंत कसा पोचलाय ते कळतं. आणि आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी कूम गिबेटकडे, टेकडीवरच्या फाशीच्या खांबाकडे, जा. शेजारची वॉलबरी हिल २९७ मीटर, आग्नेय इंग्लंडमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा.

लॅम्बर्नकडे गाडीने जाणार असाल तर रस्त्यावर शर्यतीचे घोडे भेटतात, तो भाग घोड्यांच्या तालमींचाच आहे. वेग दहा मैलांवर आणा, दोन मीटर अंतर ठेवा, हॉर्न वाजवू नका. स्वार हात उंचावून आभार मानतो, तुम्हीही हात दाखवा.

हिवाळ्यात डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडायची सवय लावा आणि ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्या, एनएचएसचा सल्ला तोच आहे. गणपती-दिवाळीला रेडिंग-स्लाउ भागातली मराठी मंडळी जमतात. १९३२ पासून चालू असलेलं महाराष्ट्र मंडळ लंडनही आहे, पण तिथे जाऊन यायला पूर्ण दिवस मोडतो.

मतदार यादी

हे काम बहुतेक भारतीयांना माहीतच नसतं. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, कौन्सिलच्या आणि पार्लमेंटच्याही निवडणुकीत मत देता येतं. अर्ज ऑनलाइन, पाच मिनिटांचा, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवा. यादीत नाव आलं की पत-इतिहासालाही मदत होते, पुढचं घर किंवा कर्ज मिळताना ते उपयोगी पडतं. मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो.